हरि नारायण आपटे व ‘करमणूक’ पत्राचे सुटे अंक

कै. हरि नारायण आपटे यांचा जन्म खानदेशांत पारोळें येथें ता. ८ मार्च १८६४ रोजीं झाला. शिरपूर व पारोळें हीं गांवें तेव्हां एकाच खानदेश जिल्ह्यांत होतीं, इ. स. १९०६ मध्यें जिल्ह्याचे दोन भाग होऊन शिरपूर पश्चिम खानदेशांत व पारोळें पूर्व खानदेशांत गेलें. हरिभाऊंविषयींच्या साधनांची आस्था शिरपूरच्या संग्राहकांस पारोळेंकरांइतकीच असावी, ती यामुळें.

हरिभाऊंची कादंबरी नियतकालिकाच्या पोटीं जन्मली. ‘मधली स्थिति’ १८८५ सालीं ‘पुणेवैभव’ पत्रांत येऊं लागली. १८९० मध्यें त्यांनीं ‘करमणूक’ साप्ताहिक काढिलें. ‘पण लक्षांत कोण घेतो?’ व ‘उषःकाल’ या कादंबऱ्या त्यांतच क्रमशः प्रसिद्ध झाल्या. अंक ठरल्या दिवशीं निघावयाचा, म्हणून मजकूरहि ठरल्या दिवशीं सिद्ध व्हावयाचा. कथेचा पाल्हाळ, मागील प्रसंगांचें स्मरण देणें, वाचकांशीं मध्येंच केलेलें हितगुज, यांचा उलगडा पुष्कळ अंशीं या साप्ताहिक क्रमांतून होतो. ‘गणपतराव’ ही कादंबरी तर अपुरीच राहिली.

रंगभूमीसाठींहि त्यांनीं लिहिलें. मोलिएरवरून ‘मारून मुटकून वैद्यबुवा’, शेक्सपिअरच्या ‘मेझर फॉर मेझर’वरून ‘सुमतिविजय’, आणि पुढें १९११ सालीं ‘संत सखूबाई’. नाटककार म्हणून त्यांची कीर्ति कादंबरीकाराएवढी झाली नाहीं. तथापि यमूच्या निवेदनांतील घरगुती, बोलती भाषा तपासणारानें हीं नाटकें शेजारीं ठेवून वाचावीं.

हरिभाऊंचे चुलते महादेव चिमणाजी आपटे यांनीं १८८८ मध्यें पुण्यास आनंदाश्रम स्थापिला. तेथें संस्कृत पोथ्यांचा संग्रह व मुद्रण होई, आणि त्याची व्यवस्था हरिभाऊंनीं पाहिली. पोथ्या जपणाऱ्या या गृहस्थाचें स्वतःचें लेखन मात्र रद्दींत जाणाऱ्या कागदावर प्रथम उतरलें. हस्तलिखितास आपण जपतों, छापील अंकास जपत नाहीं. परंतु पुस्तकाचा पाठ मूळ पाठाशीं ताडून पाहावयाचा तर अंकावांचून गत्यंतर नाहीं.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति अशी: जुन्या दप्तरांत ‘करमणुकी’चा अंक आढळल्यास कादंबरीचीं पानें काढून वेगळीं बांधूं नयेत. वर्ष, अंक व तारीख टिपून, जाहिरातींसह तो अखंड ठेवावा. कोणता मजकूर कोणत्या आठवड्यांत व कशाच्या शेजारीं वाचला गेला, हें तो अंकच सांगूं शकतो.