इमारतीची साक्ष देणारा तज्ज्ञ

मुंबईच्या उपनगरांत, मग तें मुलुंड असो कीं बोरिवली, घाटकोपर असो कीं अंधेरी, पन्नास-साठ वर्षांपूर्वीं बांधलेल्या तीन-चार मजली इमारती गल्लोगल्लीं उभ्या आहेत. त्यांच्या जिन्याखालीं उभें राहून वर पाहिलें म्हणजे सुटलेला गिलावा आणि आंतून डोकावणारे तांबडे गज दृष्टीस पडतात. अशा एखाद्या इमारतीच्या दारावर एके दिवशीं महापालिकेची नोटीस चिकटते. मालकाच्या इंजिनियरनें लिहिलेलें असतें कीं, इमारत धोकादायक असून ती पाडणें हाच उपाय आहे. भाडेकरूंच्या इंजिनियरनें लिहिलेलें असतें कीं, नीट डागडुजी केल्यास ती आणखी पंधरा वर्षें सहज टिकेल. इमारत एकच, खांब तेच, तुळया त्याच. दोघेही इंजिनियर पदवीधर, दोघांचींही नांवें महापालिकेच्या यादींत! खरें कोणाचें मानावयाचें, हा प्रश्न शेवटीं न्यायाधीशापुढें जातो, आणि काँक्रीटचें शास्त्र न्यायाधीशास ठाऊक असावें अशी कोणाची अपेक्षा नसते.

प्रश्न कागदावरचा असला तरी त्याचें मोल माणसांच्या जिवानें मोजावें लागतें. २५ जुलै २०१७ रोजीं घाटकोपर पश्चिमेस, लालबहादूर शास्त्री मार्गालगतच्या दामोदर पार्कमधील सिद्धी साई ही चार मजली इमारत कोसळली आणि १७ माणसें मृत्युमुखीं पडलीं. दुबळी झालेली इमारत राहती राहिली म्हणजे काय होतें, तें त्या सकाळीं साऱ्या मुंबईनें पाहिलें. दुसऱ्या बाजूनें, दुरुस्त होण्याजोगी इमारत पाडली गेली तर चाळीस वर्षें एका ठिकाणीं नांदलेलीं बिऱ्हाडें रस्त्यावर येतात, आणि नवी इमारत केव्हां उभी राहील याची हमी कोणीच देत नाहीं. अहवाल दोन्हीकडून चुकूं शकतो.

कायद्यानें या बाबतींत कांहीं व्यवस्था लावून दिली आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियम हा १८८८ सालचा. त्याच्या ३५३-ब या कलमान्वयें तीस वर्षें उलटलेल्या इमारतीची तपासणी नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनियरकडून करवून घ्यावी लागते. आणि ३५४ व्या कलमान्वयें मोडकळीस आलेल्या इमारतीविरुद्ध पालिकेस कारवाई करतां येते. तपासणीअंतीं इमारतीस एक वर्ग मिळतो. ‘सी-१’ म्हणजे राहण्यास अयोग्य, ताबडतोब रिकामी करून पाडावी. ‘सी-२ए’ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती करावी किंवा कांहीं भाग उतरवावा. ‘सी-२बी’ म्हणजे रहिवासी आंत असतांनाच दुरुस्ती करावी. ‘सी-३’ म्हणजे किरकोळ डागडुजी. एका अक्षरावर आणि एका आंकड्यावर अनेक कुटुंबांचें भवितव्य लटकतें! दोन अहवाल परस्परविरुद्ध आले असतां ते तांत्रिक सल्लागार समितीपुढें ठेवावे, अशी वाट मुंबई उच्च न्यायालयानें जून २०१४ मधील आदेशानें घालून दिली. तरीही कित्येक तंटे पुन्हां न्यायालयांत येतातच.

न्यायालयांत सामान्य साक्षीदारास “तुझें मत काय” असें कोणी विचारीत नाहीं. त्यानें काय पाहिलें, काय ऐकलें, एवढेंच त्यानें सांगावयाचें. तज्ज्ञ हा या नियमास अपवाद. सर जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनीं रचलेल्या १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमानें ४५ व्या कलमांत हा अपवाद मान्य केला. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमानें घेतली असून तेथें हेंच तत्त्व ३९ व्या कलमांत आलें आहे. परंतु अहवाल लिहिणाऱ्यांच्या नजरेंतून सुटतें तें वेगळेंच कलम. जुन्या कायद्यांत तें ५१ वें होतें. नव्यांत त्याला ४५ हा आंकडा मिळाला आहे, त्यामुळें जुनें पंचेचाळीस आणि नवें पंचेचाळीस यांची गल्लत वकीलसुद्धां करूं शकतील. मत ज्या आधारांवर उभें आहे ते आधारही पुराव्यांत येतात, असें तें कलम सांगतें. आणि तज्ज्ञानें मत बनविण्यासाठीं जे प्रयोग केले त्यांची हकीकत त्यास सांगतां येते, असें उदाहरणही देतें. म्हणजे कायद्यास नुसतें मत नको आहे; मतामागची वाट हवी आहे.

योगायोग असा कीं, या तत्त्वाचा जो निवाडा जगभर आधारास घेतला जातो, तोही एका घराच्या नुकसानीवरूनच झाला. स्कॉटलंडमध्यें एडिंबरो येथें सांडपाण्याची वाहिनी खणतांना सुरुंग लावण्यांत आले, आणि त्यामुळें आपल्या घराची हानी झाली अशी डेव्ही नांवाच्या घरमालकाची फिर्याद होती. सुरुंगांमुळें अशी हानी होणें शक्य नाहीं, असें नगरपालिकेच्या बाजूच्या तज्ज्ञानें सांगितलें. आणि त्यास खोडून काढणारा दुसरा तज्ज्ञ नसल्यानें न्यायालयानें तें मत मानलेंच पाहिजे, असा युक्तिवाद झाला. १९५३ च्या निकालांत लॉर्ड प्रेसिडेंट कूपर यांनीं तो साफ नाकारला. निष्कर्ष पारखण्याचीं शास्त्रीय मापें न्यायाधीशाच्या हातीं देणें हें तज्ज्ञाचें काम. निर्णय न्यायाधीशानेंच करावयाचा. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेंही २००९ सालीं रमेशचंद्र अगरवाल विरुद्ध रीजन्सी हॉस्पिटल या खटल्यांत हीच भूमिका घेतली.

हीं मापें म्हणजे काय, हें इमारतीच्या तपासणींतच उत्तम समजतें. इंजिनियरच्या पिशवींतील सर्वांत हलकें हत्यार म्हणजे रिबाउंड हॅमर. स्प्रिंगच्या जोरानें त्याचा दांडा काँक्रीटवर आदळतो आणि किती मागें उसळला तो आंकडा पट्टीवर उमटतो. त्यावरून पृष्ठभागाचा कठीणपणा कळतो. पण जुन्या काँक्रीटमध्यें हवेंतील कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षें मुरत असतो. त्यामुळें पृष्ठभाग अधिक कठीण होतो, आणि त्याच वेळीं आंतल्या गजांस गंजापासून राखणारा काँक्रीटचा क्षारधर्म मात्र नाहींसा होतो. म्हणजे ज्या खांबांतील लोखंड उघडें पडण्याच्या बेतास आलें आहे, तोच खांब हातोड्याला भक्कम वाटतो! ही फसगत टाळण्यासाठीं ताज्या फोडलेल्या जागीं फिनॉल्फ्थॅलीनचा द्रव शिंपडतात. क्षारधर्म शिल्लक असेल तर गुलाबी रंग येतो, नसेल तर येत नाहीं. हातोड्यावरून काढलेल्या मजबुतीच्या आंकड्यांत पंचवीस टक्के इकडेतिकडे होऊं शकतात, असें भारतीय मानकांतच म्हटलेलें आहे. अहवालांत हातोड्याचे आंकडे आहेत आणि गुलाबी रंगाचा उल्लेखच नाहीं, तर विरुद्ध पक्षाच्या वकिलास दुसरें कांहीं शोधावें लागत नाहीं.

मुंबईचा पाऊस हाही या प्रकरणांतला एक साक्षीदारच. काँक्रीटमधून ध्वनिलहरी किती वेगानें जातात यावरून आंतील पोकळी व भेगा ओळखण्याची एक चाचणी आहे. काँक्रीट भिजलेलें असेल तर हा वेग वाढलेला दिसतो. उलट ओल्या पृष्ठभागावर हातोड्याचा आंकडा घसरतो. एकाच भिंतीनें जुलैंत एक जबानी द्यावी आणि एप्रिलांत दुसरी, असा हा प्रकार. म्हणून चाचणी कोणत्या दिवशीं केली, भिंत कोरडी होती कीं ओली, हें लिहिणें म्हणजे कारकुनी नव्हे.

याहून नाजूक गोष्ट गजांच्या गंजाची. तांबें आणि मोरचूद यांनीं बनविलेला विद्युदग्र काँक्रीटवर टेकवून आंतल्या गजाचा विद्युद्दाब मोजतात. तो उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खालीं गेला, तर त्या जागीं गंज चढत असण्याचा संभव नव्वद टक्क्यांहून अधिक मानतात. ‘गंज चढत असण्याचा संभव नव्वद टक्के’ याचें ‘नव्वद टक्के गज गंजले’ असें रूपांतर घाईच्या लेखणींतून सहज होतें. पहिलें विधान शास्त्राचें. दुसऱ्याला कसलाच आधार नाहीं. गज किती झिजला हें पाहावयाचें तर तो उघडा करून त्याचा व्यास मोजावा लागतो. मजबुतीविषयीं निर्णायक बोलावयाचें तर काँक्रीटचे दंडगोल कापून काढून ते दाबयंत्राखालीं फोडावे लागतात. तशा किमान तीन नमुन्यांची सरासरी अपेक्षित मजबुतीच्या ८५ टक्क्यांस पोंचावी आणि एकही नमुना ७५ टक्क्यांखालीं नसावा, असें आय. एस. ४५६ या मानकांत सांगितलें आहे. रहिवाशांना आपल्या खांबांस भोंक पाडूं देणें जिवावर येतें, तें स्वाभाविकच. पण मग नमुने घेऊं दिले नाहींत, ही गोष्टही अहवालांत यावयास हवी.

जें सांपडलें नाहीं त्याविषयीं कसें लिहावें, याचा धडा महाराष्ट्रास फार निराळ्या क्षेत्रांतून मिळालेला आहे. नोव्हेंबर १९५६ मध्यें पुण्याच्या लक्ष्मीबाई कर्वे या विधवा बाई डॉ. अनंत चिंतामण लागू यांच्यासमवेत रात्रीच्या गाडीनें मुंबईस निघाल्या. पहांटे गाडी व्हिक्टोरिया टर्मिनसवर आली तेव्हां त्या बेशुद्ध होत्या, आणि गोकुळदास तेजपाल रुग्णालयांत त्याच दिवशीं त्यांचा अंत झाला. पुढें शवविच्छेदन झालें; रासायनिक पृथक्करणांत विष आढळलें नाहीं. मधुमेहामुळें मृत्यू आला असणें शक्य आहे, असेंही वैद्यकीय मत पुढें आलें. तरीही डॉ. लागूंवर खुनाचा आरोप शाबीत झाला, आणि १४ डिसेंबर १९५९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें बहुमतानें त्यांची शिक्षा कायम केली. तिघांपैकीं एका न्यायमूर्तींचें मत मात्र उलट पडलें. कित्येक विषें पृथक्करणास सांपडत नाहींत, तेव्हां ‘विष आढळलें नाहीं’ याचा अर्थ ‘विष नव्हतें’ असा होत नाहीं, हें बहुमताच्या निर्णयास पायाभूत होतें. पृथक्करण करणाराचा अहवाल त्यामुळें खोटा ठरला नाहीं. त्यानें ‘आढळलें नाहीं’ एवढेंच म्हटलें होतें, आणि तेवढें खरेंच होतें.

इमारतीच्या अहवालासही हाच न्याय लागू आहे. खोट्या छतामागें झांकलेली तुळई इंजिनियरनें पाहिलेली नसते. फरशीखालची गळती त्यास दिसत नाहीं. कुलूपबंद बिऱ्हाडांत तो शिरलेला नसतो. अशा ठिकाणीं ‘दोष नाहीं’ असें लिहिणें म्हणजे न पाहिलेल्याची ग्वाही देणें होय. पाहिलेलें, मोजलेलें, रहिवाशांकडून ऐकलेलें आणि तर्कानें काढलेलें, हीं चार ज्यानें निरनिराळ्या परिच्छेदांत ठेविलीं, त्याच्या अहवालाचा एक भाग कोसळला तरी बाकीचा उभा राहतो. एकत्र कालविलेल्या अहवालाचें तसें नाहीं. त्यांतील एक गोष्ट चुकीची निघाली कीं साराच संशयास्पद ठरतो.

राहतां राहिला पैशाचा प्रश्न. इंजिनियरची फी मालक देतो किंवा भाडेकरू देतात, आणि ज्याचें मीठ खावें त्याची बाजू राखावी ही समजूत आपल्याकडे रुजलेली आहे. इंग्लंडांत १९९९ पासून लागू झालेल्या दिवाणी नियमांत स्पष्टच म्हटलें आहे कीं, तज्ज्ञाचें कर्तव्य न्यायालयाशीं असून तें पैसे देणाऱ्याविषयींच्या बांधिलकीहून वरचढ आहे. स्वार्थाच्या दृष्टीनें पाहिलें तरी हेंच बरें. ज्या तज्ज्ञानें गेल्या वर्षीं मालकाकरितां एक कसोटी लावली आणि यंदा भाडेकरूंकरितां दुसरी, त्याचे दोन्ही अहवाल वकील शेजारीं शेजारीं ठेवतो. मग त्याची पदवी त्याच्या कामास येत नाहीं.

उलटतपासणींतले प्रश्न बहुधा साधे असतात. एकूण खांब किती, त्यांतील किती तपासले, तेच कां निवडले? हातोड्याची स्वतःची तपासणी शेवटीं केव्हां झाली? आंकडे आपण स्वतः टिपले कीं मदतनिसानें? तळमजल्यावरच्या दुकानांत आपण गेलां होतां काय? समजा, तें दुकान त्या दिवशीं बंद होतें. ज्या तज्ज्ञानें तशी नोंद केलेली नाहीं, तो या प्रश्नाशीं अडखळतो, आणि त्यानंतरच्या त्याच्या प्रत्येक उत्तराकडे न्यायाधीश निराळ्या नजरेनें पाहतात. ज्यानें केली आहे, तो शांतपणें म्हणतो, “नाहीं. दुकानास कुलूप होतें. अहवालाच्या चौथ्या पानावर तारखेसह तसें लिहिलें आहे.” आणि वकिलास पुढच्या प्रश्नाकडे वळावें लागतें.