खुर्ची, मर्जर आणि सदरचं कॅथेड्रल

यवतमाळहून नागपूरला नोकरीसाठी आलेल्या कुणालाही विचारा, वीकेण्डला कुठे? उत्तर ठरलेलं, 'सदर!' शॉपिंग, खादाडी, टाइमपास सगळं तिथेच. याच सदर भागात ऑल सेंट्स कॅथेड्रल आहे. आपण बाइकवरून कितीदा तरी पुढे निघून गेलेलो असतो. पण देशातलं एक भलंमोठं मर्जर इथे झालंय, हे किती जणांना ठाऊक असतं?

आधी शब्दाचं बघू. कॅथेड्रल म्हणजे मोठ्ठं चर्च, असा आपला समज. खरं तर 'कॅथेड्रा' म्हणजे खुर्ची. ज्या चर्चमध्ये बिशपची खुर्ची, ते कॅथेड्रल. म्हणूनच यवतमाळ जिल्ह्यात चर्च आहेत, पण कॅथेड्रल पाहायचं तर नागपूर किंवा अमरावती गाठावं लागतं.

आणि खुर्ची म्हटली की सत्ता आलीच! लंडनच्या सेंट पॉल्समध्ये १९८१ साली चार्ल्स-डायनाचं लग्न लागलं. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर तीनच दिवसांनी राष्ट्राध्यक्ष बुश वॉशिंग्टनच्या नॅशनल कॅथेड्रलमधून देशाशी बोलले. आनंद असो वा दुःख, तिथला देश कॅथेड्रलमध्ये जमतो. आपल्याकडे सरकारला धर्म नाही आणि ख्रिस्ती माणसं मूठभर. मग इथल्या कॅथेड्रलने देशाला द्यायचं तरी काय?

उत्तर आधी दक्षिणेने दिलं. स्वातंत्र्याला दीड महिनाही झाला नव्हता. २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासच्या सेंट जॉर्ज कॅथेड्रलमध्ये वेगवेगळे प्रोटेस्टंट पंथ एकत्र येऊन 'चर्च ऑफ साउथ इंडिया' झालं. उत्तरेत बोलणी १९२९ मध्येच लखनऊला सुरू झाली होती. ती संपायला तब्बल ४१ वर्षं लागली! (आपलं अप्रेझल दोन महिने लांबलं तर आपण केवढे वैतागतो.) अखेर २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या ऑल सेंट्समध्ये सहा चर्च एक झाली आणि 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' जन्माला आलं.

भांडणं साधी नव्हती. कुणी तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देणारे, तर कुणी म्हणणार, माणूस मोठा होऊन स्वतः ठरवू दे. तोडगा निघाला : दोन्ही चालेल. काहींकडे बिशप हा प्रकारच नव्हता, त्यांनी तो स्वीकारला. मुळात ही भांडणं युरोप-अमेरिकेतून आलेली. ती आपल्याकडच्या माणसाने का वाहायची?

यवतमाळनेही याची झलक पाहिली होती. १९५३ साली इथे युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली. वेगवेगळ्या मिशन्सची मुलं एकाच वर्गात बसून शिकत. १९८३ मध्ये ती पुण्याला हलली. आपल्यासारखीच, पुढच्या करिअरसाठी!

सगळं गोड झालं असं मात्र नाही. मेथॉडिस्टांचा एक मोठा गट ऐनवेळी, १९७० मध्येच, बाहेर राहिला. जमिनी-इमारतींचे वाद कोर्टात गेले. २०१३ साली गुजरातमधल्या ब्रदरेन चर्चच्या मालमत्तेबाबत सुप्रीम कोर्टाचा निकाल 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया'च्या बाजूने लागला नाही. मनं जुळली तरी सातबारा जुळेलच असं नाही, हे आपल्या वऱ्हाडात कुणाला सांगायला नको.

तरीही मला सदरचं हे कॅथेड्रल सेंट पॉल्सपेक्षा जवळचं वाटतं. तिथे ना राजघराण्याचं लग्न लागलं, ना कुणा राष्ट्राध्यक्षाचं भाषण झालं. तिथे काही माणसांनी एकत्र राहता यावं म्हणून आपापल्या नावाची पाटी उतरवली. जात, पक्ष, आडनाव यांच्या पाट्या घट्ट धरून बसलेल्या देशात ही छोटी गोष्ट नाही.

पुढच्या वीकेण्डला सदरला जाल तेव्हा बाइक जरा हळू घ्या. जमलं तर थांबाच. खाणंपिणं काय, नंतरही होतंच!