उंचावरची पडवी

रायगड जिल्ह्यातील नागाव हे समुद्रकाठचे गाव नारळी-पोफळींच्या वाड्यांसाठी प्रसिद्ध आहे. कोकणातील जुन्या घरांप्रमाणे येथील घरांनाही पुढेमागे पडवी असते. दुपारचे ऊन आणि पावसाच्या सरी ती झेलते. त्यामुळे माजघर थंड व कोरडे राहते.

मुंबईत मात्र जागा थोडी आणि माणसे फार. तेथे घरांवर घरे रचावी लागतात. मग पडवी आणि झाडे कोठे असावीत? वास्तुशिल्पज्ञ चार्ल्स कोरिया यांनी याचे उत्तर जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्यांत शोधले. कंबाला हिलवर १९८३ मध्ये पूर्ण झालेल्या ‘कांचनजंगा’ या त्यांच्या २८ मजली इमारतीच्या कोपऱ्यांत दोन मजले उंचीच्या, झाडे लावता येतील अशा गच्च्या आहेत. त्यांतून समुद्राचा वारा घरात येतो. ऊन-पाऊस मात्र बाहेरच अडतो.

तथापि, वाडीतील माडाला भूमीचा आधार असतो. गच्चीवरील झाडाचा, त्याच्या ओल्या मातीचा आणि वाऱ्याच्या जोराचा भार इमारतीलाच पेलावा लागतो. म्हणून अशा इमारतीत झाडांचा विचार पाया घालण्यापूर्वीच करावा लागतो. पुढे त्यांना नित्य पाणीही द्यावे लागते. कारण न शिंपलेली वाडी जशी सुकते, तशीच गच्चीवरील बागही सुकते.