बागेचं कुलूप कुणाकडे?

पारा 43-44 अंशांवर टेकला, की सोलापूर संध्याकाळनंतर घरात थांबत नाही. कुणी गच्चीवर जातं, कुणी संभाजी तलावाच्या काठावर, कुणी जवळच्या बागेत. बागेत गेलं की कारंजं बंद, हिरवळ वाळलेली आणि झोपाळ्याची एक साखळी तुटलेली. मग ठरलेलं वाक्य येतं: "महापालिकेला साधी एक बाग सांभाळता येत नाही." राग रास्त आहे. पण तो बहुतेक वेळा चुकीच्या खिडकीवर जाऊन थांबतो, आणि तिथला कारकून "हे आमच्याकडे येत नाही" असं म्हणून मोकळा होतो. खरं म्हणजे पुष्कळदा तो खोटं बोलत नसतो.

"बाग देणं हे महापालिकेचं कर्तव्यच आहे"

कायद्याच्या भाषेत अर्धंच खरं. सोलापूर महापालिका 1964 सालची, आणि ती चालते महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 या कायद्यावर. त्यात कामांचे दोन ढीग केले आहेत. कलम 63 मध्ये बंधनकारक कामं: पाणी, गटारं, दिवाबत्ती, कचरा, रस्ते. कलम 66 मध्ये ऐच्छिक कामं, म्हणजे पैसा असेल आणि मनात आलं तर करायची. सार्वजनिक उद्यानं, क्रीडांगणं, करमणुकीची मैदानं या दुसऱ्या ढिगात आहेत.

पुष्कळजण इथे 74 व्या घटनादुरुस्तीचा दाखला देतात. बाराव्या अनुसूचीत 12 व्या क्रमांकावर उद्यानं, बागा, मैदानं आहेत हे खरं. पण ती अनुसूची राज्याने शहरांकडे कोणती कामं सोपवावीत याची यादी आहे. तुमच्या पेठेत अमुक तारखेपर्यंत बाग झालीच पाहिजे असा हुकूम तिच्यात नाही.

मात्र एक बारकावा नागरिकांच्या बाजूचा आहे आणि तो फार कमी लोकांना ठाऊक असतो. नवी बाग करणं ऐच्छिक असलं, तरी महापालिकेच्या मालकीच्या मोकळ्या जागांची निगा राखणं कलम 63 मध्ये आहे, म्हणजे बंधनकारक.  म्हणून "आम्हाला बाग द्या" हा अर्ज विनंतीचा असतो आणि "तुमच्या ताब्यातल्या बागेची वाट लागली आहे" हा अर्ज कर्तव्याची आठवण देणारा. दोन्हींना एकच उत्तर मिळत असेल, तर त्याला आपण ते दोन्ही एकाच सुरात लिहितो हेही कारण आहे.

अंदाजपत्रकात कात्री चालते तेव्हा हा फरक लगेच दिसतो. चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या शहरात जलवाहिनी आणि हिरवळ यांतून एक निवडायचं झालं, तर कुठलाही आयुक्त हिरवळ निवडणार नाही, आणि निवडूही नये. माझा आक्षेप वेगळा आहे. उजनीच्या पाण्यावर जगणाऱ्या, जेमतेम पावसाच्या शहरात पुण्या-मुंबईसारखी लॉन असलेली बाग आखायचीच कशाला? कडुनिंब, चिंच, वड, करंज यांची दाट सावली, खाली मुरूम टाकलेली पायवाट आणि बसायला कट्टे एवढं केलं, तरी इथला माणूस मे महिन्यात दुवा देईल. लॉन उद्घाटनाच्या फोटोत छान दिसते आणि पुढच्या उन्हाळ्यात टँकरची वाट बघत बसते.

"हिरवं दिसतं ते सगळं महापालिकेचं"

हा गैरसमज सगळ्यात मोठा. पार्क चौकातून चालायला लागा. हुतात्मा बाग महापालिकेची, पण तिला लागून असलेला भुईकोट किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचा. संरक्षित स्मारक असल्यामुळे, स्मारकांच्या कायद्यातल्या 2010 च्या दुरुस्तीनंतर त्याच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही, आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगीशिवाय करता येत नाही. किल्ल्याच्या अंगाला काही बांधायचं तर इंद्रभुवनातली, म्हणजे महापालिकेच्या मुख्यालयातली, सही पुरत नाही, दिल्लीचाही होकार लागतो. "साधं स्वच्छतागृह बांधायला यांना इतकी वर्षं लागतात" असं म्हणण्याआधी ते कुठे बांधायचं आहे हे बघायला हवं.

होम मैदान महापालिकेचं, पण मकर संक्रांतीच्या सुमारास गड्ड्याची जत्रा भरते तेव्हा ते सिद्धेश्वर देवस्थानच्या पंच कमिटीकडे जातं. खेळायला येणारी पोरं त्या दिवसांत पाळण्यांच्या रांगेत उभी असतात आणि त्यांची काही तक्रार नसते. विजापूर रोडवरचा सिद्धेश्वर वनविहार वन खात्याचा. तिथली पायवाट उखडली म्हणून झोन कार्यालयात अर्ज देणं म्हणजे एसटीच्या तक्रारीसाठी रेल्वे स्टेशनवर जाण्यासारखं आहे. आणि हिप्परग्याचा तलाव, ज्याच्या काठी आपण पक्षी बघायला जातो, तो मुळात पाटबंधाऱ्याचा तलाव आहे. तो महापालिकेची बाग कधीच नव्हता.

प्राणिसंग्रहालयाची गत आणखी वेगळी. ते महापालिकेने चालवायचं ठरवलं तरी वन्यजीव कायद्याखाली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता लागते. पिंजरा केवढा हवा, डॉक्टर हवा की नको, हे सभागृहात मतदानाने ठरत नाही.

स्मार्ट सिटीने या गुंत्यात एक घर वाढवलं. जानेवारी 2016 च्या पहिल्या 20 शहरांत सोलापूर होतं, आणि कामांसाठी सोलापूर सिटी डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन ही वेगळी कंपनी निघाली. लोकांना अजून वाटतं की कंपनीने केलेलं काम कंपनीच बघणार. पण केंद्राचं ते अभियान 31 मार्च 2025 ला संपलं. बांधायला बाहेरचा पैसा येतो. माळी, रखवालदार आणि विजेचं बिल शेवटी महापालिकेच्या गळ्यात पडतं.

"नगरसेवकाने मनात आणलं तर उद्या होईल"

नगरसेवक पाठपुरावा करू शकतो, सभागृहात प्रश्न विचारू शकतो, आपल्या प्रभागासाठी निधी ओढून आणू शकतो. बागेला कुलूप लावायचा किंवा काढायचा अधिकार त्याला नाही. कारभार आयुक्तांचा, आणि आयुक्त नेमतं राज्य सरकार. खर्चाला मंजुरी 16 जणांच्या स्थायी समितीची, धोरण सर्वसाधारण सभेचं, प्रत्यक्ष काम उद्यान विभागाचं. महापौर या साखळीत मानाचा आहे, पण माळ्याची बदली त्याच्या सहीने होत नाही.

ही साखळी मध्ये तुटलीही होती. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढचं मतदान 15 जानेवारी 2026 ला झालं. मधल्या जवळजवळ चार वर्षांत प्रस्ताव मांडणारे आणि मंजूर करणारे एकच प्रशासक होते. त्या काळात बागेबद्दल कुणाला जाब विचारायचा, तर विचारायला सभागृहच नव्हतं. "प्रशासक होते तेव्हा कामं फटाफट व्हायची" असं म्हणणारे भेटतात. झाली असतील. पण कोणती बाग आधी आणि कोणती नंतर, यावर चार माणसांनी भांडायची जागा तेव्हा बंद होती, आणि ते भांडण मला आवश्यक वाटतं.

पोराकडे अमेरिकेत तीन महिने राहून आलेले काका हमखास सांगतात की तिकडे बागांसाठी वेगळी समिती असते, लोक तिला मतं देतात. खरं आहे, पण सगळीकडे नाही. मिनियापोलिस शहरात 1883 पासून स्वतंत्र उद्यान मंडळ आहे. त्याचे नऊ सदस्य थेट निवडून येतात आणि मंडळाला स्वतःचा कर बसवता येतो. आपल्याकडे असं स्वतंत्र मंडळ नाही. जवळात जवळचं म्हणजे वृक्ष प्राधिकरण, आणि त्याच्याबद्दल तर गैरसमजांचा ढीगच आहे.

ते बागा बघत नाही. 1975 च्या झाडांच्या कायद्याखाली नेमलेलं हे प्राधिकरण झाडं बघतं, तुमच्या आमच्या अंगणातलीसुद्धा. "माझ्या कंपाउंडमधलं झाड, मी तोडीन" हे चालत नाही, परवानगी लागते. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष ठरलं, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावायची अट आली. 40 वर्षांचा कडुनिंब पाडला तर 40 रोपं. घरपट्टीच्या बिलात खाली कुठेतरी 'वृक्ष कर' अशी ओळ असते. तो याच कायद्यातून आलेला आणि झाडांसाठीचा पैसा आहे. घसरगुंडीच्या रंगासाठीचा नाही.

"नकाशात बाग आहे, म्हणजे बाग होणारच"

इथे मात्र थांबून बघायला हवं, कारण बागा हातातून जातात त्या इथेच.

प्लॉट घेताना एजंट विकास आराखड्याचा रंगीत तुकडा दाखवतो. त्यावर हिरवा ठोकळा, त्यात आरक्षणाचा क्रमांक आणि 'बगीचा' असे शब्द. "समोर गार्डन आहे, रेट वाढणारच." तो हिरवा ठोकळा ही बाग नसते. ती दुसऱ्या कुणाची तरी खासगी जमीन असते, आणि नगररचना कायद्याने तिच्यावर एवढंच लिहिलेलं असतं की महापालिका ती पुढेमागे बागेसाठी घेईल. घेण्याचे मार्ग तीन: समजुतीने पैसे देऊन, मालकाला टीडीआर, म्हणजे दुसरीकडे जास्तीचं बांधकाम करायचा विकता येणारा हक्क, देऊन, किंवा सक्तीचं भूसंपादन करून. टीडीआर जिथे उंच इमारतींना गिऱ्हाईक आहे तिथेच गोड लागतो. सक्तीच्या संपादनात 2013 च्या कायद्याप्रमाणे शहरी जमिनीला बाजारभावाच्या साधारण दुप्पट मोजावे लागतात.

पैसे नसले की महापालिका गप्प बसते. आणि गप्प बसण्यालाही मुदत आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966, कलम 127: आराखडा अंतिम झाल्यापासून 10 वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर महापालिकेला मिळतात 24 महिने. 2015 पूर्वी 12 होते, आणि मूळ कायद्यात तर 6. तेवढ्यात संपादनाची पावलं पडली नाहीत, तर आरक्षण आपोआप उडतं आणि जमीन आजूबाजूच्या जमिनींसारखी बांधकामाला मोकळी होते. पावलं म्हणजे काय, हेही ठरलेलं आहे. गिरनार ट्रेडर्सच्या खटल्यात 2007 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसते ठराव आणि पत्रव्यवहार पुरत नाहीत, संपादनाची रीतसर घोषणा निघावी लागते.

म्हणजे बाग कुणी चोरत नाही, तिच्यावर कुणी बुलडोझर घालत नाही. एक नोटीस आवक-जावकला येते, फाईल या टेबलावरून त्या टेबलावर जाते, दोन वर्षं होतात आणि हिरवा ठोकळा पुसला जातो. सोलापुरात याचं वजन जास्त आहे, कारण 1992 च्या हद्दवाढीने सुमारे 33 चौरस किलोमीटरचं शहर एकदम 178 च्या पुढे गेलं. हद्दवाढ भागात रस्ते आणि ड्रेनेज पोचवतानाच दमछाक झालेल्या महापालिकेला बागेच्या जमिनी वेळेत विकत घेणं किती जमणार? बाहेर वस्ती वाढते तसा त्या जमिनींचा भावही वाढतो, आणि दरवर्षी त्या महापालिकेच्या हातातून आणखी लांब जातात.

एकदा जमीन घेऊन बाग झाली की मात्र न्यायालयं फार कडक असतात. बंगळुरूमध्ये उद्यानासाठी राखलेली जागा खासगी नर्सिंग होमला दिली होती. 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप रद्द ठरवलं.

या आरक्षणाशी लोक आणखी एका जागेची गल्लत करतात: लेआउटमधला 'ओपन स्पेस'. 4,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचे प्लॉट पाडताना किमान 10 टक्के जागा मोकळी सोडावी लागते. हिच्यासाठी महापालिकेने पैसे मोजायचे नसतात, कारण तिची किंमत तुमच्या प्लॉटच्या भावात तुम्ही आधीच भरलेली असते. ती नगरातल्या सगळ्या रहिवाशांच्या वापराची. पण वर्षानुवर्षं तिथे बाभळी वाढतात, मग एक पत्र्याचं शेड येतं, मग शेडला भिंती येतात, आणि एखाद्या दिवशी तिथे मंगल कार्यालयाचा बोर्ड लागतो. "महापालिकेने लक्ष द्यायला हवं होतं." हो, हवंच होतं. पण तो ओपन स्पेस आपल्याच नगराचा आहे हे नगरातल्या किती जणांना माहीत होतं?

माहीत करून घेणं अवघड नाही. मंजूर लेआउटची नक्कल आणि सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक या दोन कागदांवर जागा कुणाची ते कळतं. आरक्षण आहे का ते नगररचना विभागाच्या झोन दाखल्यावर. आपल्या भागातल्या कुठल्या बगीच्याच्या आरक्षणावर कलम 127 ची नोटीस आली आहे, कोणत्या तारखेला आली आणि त्यावर काय केलं, हे माहिती अधिकाराच्या साध्या अर्जावर विचारता येतं. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप, 30 दिवसांची मुदत. अर्जात नोटिशीची तारीख आवर्जून मागा. 24 महिने तिथूनच मोजले जातात.