ठोशांची भाषा : लेखांक ९ – थोराड पोरं जातात कुठे?

डाव्या हाताच्या जॅबबद्दल लिहायचं कबूल केलं होतं, ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो. पंचवटीतल्या एका वाचकाचा प्रश्न डोक्यातून जात नाही. ऑलिम्पिकमधली आपली बॉक्सिंगची पदकं बघा : विजेंदर ७५ किलो, लवलिना ६९, मेरी कोम ५१. आपल्याकडे थोराड पोरं नाहीत का?

आहेत की! पण ग्लोव्हज त्यांच्यापर्यंत पोचायच्या आत दुसरंच कुणी त्यांचा हात धरतं.

आपल्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ सहा फुटांहून उंच. सैन्यात गेला आणि त्या उंचीनेच त्याला रोइंगमध्ये नेलं. दुष्काळी गावचा हा गडी २०१६ला रिओत तेरावा आला, २०१८च्या एशियाडमध्ये चौघांच्या बोटीत सुवर्णपदक घेऊन आला. हर्षवर्धन सदगीर अकोले तालुक्यातला. जानेवारी २०२०मध्ये नाशिककडून उतरून महाराष्ट्र केसरी झाला. भारी वजनाच्या पोराला आपल्याकडे घरापासून तालमीपर्यंतची वाट आखून दिलेली असते. वस्ताद, खुराक, गावोगावची मैदानं आणि शेवटी चांदीची गदा. २०२३ला तर गदेसोबत थार गाडीही मिळाली. बॉक्सिंगकडे अशी वाट कुठे आहे?

अमेरिकेतही हेच झालं. १९६०मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाचा चार्ली मोर लढतीनंतर दगावला आणि विद्यापीठांची राष्ट्रीय बॉक्सिंग स्पर्धा कायमची बंद पडली. तेव्हापासून धिप्पाड पोराला शिष्यवृत्ती हवी तर फुटबॉल, नाहीतर बास्केटबॉल. हेवीवेट बॉक्सर डिऑन्टे वाइल्डरचं स्वप्नही तेच होतं. मुलगी मणक्याचा आजार घेऊन जन्मली, पैसा हवा होता, म्हणून विसाव्या वर्षी त्याने ग्लोव्हज चढवले. तीन वर्षांत बीजिंगचं कांस्यपदक, पुढे जगज्जेतेपद! आपला हेवीवेट बॉक्सर सतीश कुमारही मूळचा कबड्डीवाला. सैन्यातल्या प्रशिक्षकांनी त्याची अंगकाठी हेरली. टोकियो ऑलिम्पिकमध्ये तेरा टाके घालून तो उझबेकिस्तानच्या जालोलोवसमोर उभा राहिला. म्हणजे दोघेही रिंगमध्ये आले ते आडवाटेने.

पण खरी अडचण मला आपल्याच शहरातल्या एका सराव वर्गात कळली. सतरा वर्षांचा, शंभर किलोच्या आसपासचा मुलगा. स्किपिंगची दोरी त्याच्या हातात दोऱ्यासारखी दिसायची. बाकीची पोरं पन्नास-साठ किलोची. त्यांच्याशी स्पारिंग करताना तो हात राखून मारायचा. जोर लावला तर समोरचा जायबंदी. हात राखून मारणारा बॉक्सर शिकणार काय? शेवटी प्रशिक्षकच पॅड धरायचे आणि वीस मिनिटांत त्यांचे खांदे भरून यायचे. त्याच्या तोलाचा जोडीदार त्या वर्गाला कधी मिळालाच नाही.

वर्षभराने तो मला तालमीत भेटला, लाल मातीने माखलेला. "इथं माझ्या वजनाची पाच जणं आहेत, सर," म्हणाला. त्याला परत बोलवायला माझ्याकडे काही कारण नव्हतं. ते कारण म्हणजे आणखी चार थोराड पोरं.