चाचणीची आवृत्ती आणि घरचा मोबाइल



मागील सत्रात अकरावीचा एक विद्यार्थी मधल्या सुट्टीत आमच्या खोलीत आला आणि बराच वेळ नुसताच उभा राहिला. मुलगा हुशार, संगणक कक्षात तर शिक्षकांच्याही दोन पावले पुढे. त्याने आईच्या मोबाइलमध्ये नव्या प्रणालीची 'बीटा', म्हणजे केवळ चाचणीसाठी काढलेली आवृत्ती घातली होती. पहिले चार दिवस सगळे छान चालले. मग फोन तापू लागला, बॅटरी दुपारपर्यंत पुरेना, आणि बँकेचे ॲप उघडता उघडता बंद होऊ लागले. तशातच शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख जवळ आली. ओटीपी त्याच फोनवर येणार, म्हणून घाबरून त्याने जुनी आवृत्ती परत घातली. फोन पूर्ववत चालू लागला, पण आतून कोरा झाला होता.

फोटो बरेचसे परत मिळाले, कारण ते इंटरनेटवर आपोआप साठत होते. गेल्या त्या आजीच्या ओव्या. जात्यावरच्या, तिच्या आवाजात. आई स्वयंपाक करता करता सहज रेकॉर्ड करून ठेवत असे. आजींना जाऊन दोन वर्षे झाली आहेत.

घरच्यांच्या परवानगीने, नाव न देता हे लिहीत आहोत. फोन कोणत्या कंपनीचा होता याला महत्त्व नाही. माहिती पुसली जाईल हा इशारा पडद्यावर आला होता, आणि तुम्ही-आम्ही जसे न वाचता 'मान्य आहे' दाबतो तसेच त्याने दाबले.

बीटा म्हणजे काय? आम्ही स्वतः हिंदी माध्यमाचे पदवीधर, संगणक चाळिशीत शिकलेले, त्यामुळे आम्हाला जसे समजले तसेच सांगतो. आपले हे वार्तापत्र छापण्यापूर्वी छापखान्यातून त्याचे प्रूफ येते. तेथील अक्षरजुळणी करणारे भाऊ हिंदीभाषक आहेत, त्यामुळे प्रत्येक खेपेस 'शाळा'ची 'शाला' आणि 'फळा'चे 'फल' होते. आपल्या दोन शिक्षिका लाल पेन घेऊन बसतात आणि एकेक 'ळ' जागेवर आणतात. प्रूफ हे चुका शोधण्यासाठीच असते, ते कोणी घरोघर वाटत नाही. बीटा म्हणजे सॉफ्टवेअरचे प्रूफ. कंपनी ते लोकांना देते, कारण हजारो प्रकारच्या वापरात काय बिघडते हे तिला प्रयोगशाळेत कळत नाही.

प्रूफ चुकले तर कागद फाडून टाकता येतो. मोबाइलचे तसे नाही. नवी प्रणाली पहिल्यांदा सुरू होते तेव्हा ती आतल्या नोंदी आपल्या नव्या पद्धतीने लिहून काढते. जुन्या मुनीमजींपुढे नव्या पद्धतीची खातेवही ठेवली तर त्यांना ती वाचता येणार नाही, जुन्या प्रणालीचेही तसेच होते. म्हणून परत फिरायचे तर वही कोरी करूनच फिरावे लागते. गूगलच्या अँड्रॉइड बीटा योजनेत हे स्पष्ट लिहिलेले आहे: मध्येच बाहेर पडाल तर फोनमधील सर्व माहिती पुसली जाईल. अंतिम आवृत्ती येईपर्यंत धीर धरला आणि ती घेऊन मग बाहेर पडले, तर पुसावे लागत नाही. आमच्या विद्यार्थ्याला हे ठाऊक असते तर! आयफोनमध्ये आणखी एक मेख आहे. बीटावर असताना घेतलेला बॅकअप जुन्या प्रणालीत उतरत नाही. बॅकअप हवा तो बीटा घालण्याच्या आधीचा, आणि तोही संगणकावर वेगळा राखून ठेवलेला.

पूर्वी ही मंडळी थोडी होती. ॲपलने आयफोनच्या प्रणालीची चाचणी सर्वसामान्यांना २०१५ मध्ये खुली केली. त्याआधी ती मुख्यतः वर्षाला ९९ डॉलर भरणाऱ्या सॉफ्टवेअरकारांपुरती होती. जून २०२३ पासून तर त्या सॉफ्टवेअरकारांसाठीच्या, म्हणजे अधिकच कच्च्या आवृत्त्याही विनामूल्य झाल्या. गूगलने २०१६ मध्ये आपल्या काही फोनांसाठी एका बटणावर नाव नोंदवण्याची सोय केली. आत जाणे असे एका बोटाचे काम झाले आहे.

कच्चेपणा किती असू शकतो? ऑगस्ट २०१८ मध्ये आयओएस १२ ची सातवी चाचणी आवृत्ती फोन फार संथ करू लागल्यामुळे त्याच दिवशी मागे घ्यावी लागली. त्याच महिन्याच्या अखेरीस दुसऱ्या एका आवृत्तीत 'नवे अपडेट आले आहे' अशी सूचना फोन उघडला की पुन्हा पुन्हा येऊ लागली, आणि अपडेट तर आलेलेच नव्हते. ज्याच्याकडे दुसरा फोन होता त्याने हसून सोडून दिले असेल.

आपल्याकडे बहुतेक घरांत दुसरा फोन नसतो. घरातला एकच चांगला मोबाइल म्हणजे आईची पर्स, बाबांचे दुकान, आजोबांच्या औषधांचे कागद आणि मुलांची शाळा. यूपीआयचे ॲप त्या फोनशी आणि सिमशी बांधलेले असते, फोन कोरा झाला की पुन्हा सगळी नोंदणी करावी लागते. बँकांची ॲपे फोनची प्रणाली मूळ आणि सुरक्षित आहे ना, हे तपासतात आणि शंका आली तर चालत नाहीत. जेल रोडच्या बाजारात कोणाकडून 'नवे रॉम' टाकून घेणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे, कारण त्यासाठी फोनचे मूळ कुलूपच उघडावे लागते.

विश्वस्त मंडळींपैकी एकांनी विचारले, 'प्रणाली नको, पण नुसते एखादे बीटा ॲप घेतले तर?' त्यातही धोका आहे, तो निराळा. ऑगस्ट २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने इशारा दिला होता की भामटे चाचणीच्या ॲपांच्या नावाखाली लोकांना लुबाडतात. नेहमीच्या दुकानातील ॲपांची जी तपासणी होते ती चाचणीच्या ॲपांची पूर्णपणे होत नाही. कोणी ओळख वाढवून गुंतवणुकीचे 'खास बीटा ॲप' पाठवले, तर ते उघडू नये आणि घरात सांगावे.

विद्यार्थ्यांना मात्र आम्ही रागावणार नाही. प्रूफ वाचणारे हवेतच. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० च्या एका तयार आवृत्तीने काही लोकांच्या संगणकावरील फायली पुसल्या आणि मायक्रोसॉफ्टला काही दिवसांतच तिचे वितरण थांबवावे लागले. चाचणी करणाऱ्यांपैकी काहींनी ही चूक आधीच कळवली होती, पण ती तक्रारींच्या ढिगात दबून गेली. त्यानंतर कंपनीने तक्रार किती गंभीर आहे हे लिहिण्याची सोय केली. चाचणीचे खरे काम हे असे असते: काय केले, काय झाले, किती वेळा झाले, हे नीट लिहून कळवायचे. मित्रांना नवी चिन्हे दाखवण्यासाठी बीटा घालणारा हे काम करत नाही.

म्हणून शाळेने ठरवले आहे की ज्यांना हे शिकायचे आहे त्यांनी बुधवारी शाळा सुटल्यावर संगणक कक्षात यावे. त्यासाठी चाचणी योजनेत चालू शकेल असा एक वापरलेला फोन हवा आहे. त्यात सिम, बँक, घरचे फोटो काहीही राहणार नाही. विश्वस्तांकडे विनंती केली आहे, पालकांपैकी कोणाकडे असा फोन पडून असेल तर कार्यालयात कळवावे. तोपर्यंत विद्यार्थ्यांनी आई-बाबांच्या फोनमध्ये त्यांना न विचारता कोणतीही चाचणी आवृत्ती घालू नये, आणि पालकांनी या रविवारी फोनमधील फोटो आणि आवाजाच्या फायली संगणकावर किंवा पेन ड्राइव्हवर एकदा उतरवून घ्याव्यात. जमत नसेल तर मुलांना सांगावे, त्यांना येते.

त्या विद्यार्थ्याच्या आईने नंतर सर्व नातेवाइकांना निरोप धाडले. बडोद्याच्या मावशीला तिने कधीतरी तीन ओव्या पाठवल्या होत्या, त्या मिळाल्या. उरलेल्यांचा शोध चालू आहे. देवासला त्यांचे कोणी आप्त राहत असतील आणि आजींचे गाणे कोणाच्या फोनात असेल, तर शाळेमार्फत कळवावे.