डोंगराला जम्बो नको, जाळरेषा हवी!

महापे-शिळफाटा रस्त्यानं मार्चमध्ये गेलात तर पारसिकच्या डोंगराकडे नीट बघा. पावसाळ्यातलं हिरवं गवत वाळून पिवळं पडलेलं असतं आणि मधेच काळे पट्टे दिसले, तर समजा तिथून वणवा गेलाय.

कॅलिफोर्नियातल्या आगीवर लाल पाऊस पाडणाऱ्या विमानांची रील्स तुम्ही पाहिली असतीलच. ही मुळात प्रवासी विमानं. डीसी-10 मधल्या सीट्स काढून पोटाखाली टाक्या बसवल्या, की एका फेरीत सुमारे 35 हजार लिटर द्रव टाकता येतो. बोईंग 747, म्हणजे आपलं जम्बो, तर 70 हजार लिटरच्या वर न्यायचं. आपल्या सोसायटीत येणारे दहा हजारी टँकर धरले तर सात! पण जम्बोचा खर्च परवडेना, 2021 मध्ये ते बंद झालं.

गंमत म्हणजे ही विमानं बहुतेक वेळा आग विझवतच नाहीत. तो लाल द्रव म्हणजे पाणी, खतातलं अमोनियम फॉस्फेट आणि रंग. तो आगीच्या पुढच्या झाडांवर टाकतात, म्हणजे आगीचा वेग मंदावतो. विझवायला माणसंच लागतात.

आपल्याकडे हे काम हेलिकॉप्टर करतात. मार्च 2023 मध्ये गोव्यात म्हादई अभयारण्य पेटलं, तेव्हा नौदल आणि हवाई दलाच्या हेलिकॉप्टरनी बादल्या लटकवून पाणी ओतलं. खाली वनकर्मचारी आणि गावकरी राबतच होते.

मग पारसिकसाठी काय? इथं गवताची आग मिनिटांत पसरते. विमान येईपर्यंत उतार जळून जाईल. त्यात गवत, लावलेली रोपं, पक्ष्यांची घरटी सगळं जातं आणि धूर खालच्या वस्तीत शिरतो. म्हणून उपाय आधीच करावा लागतो. उन्हाळ्यापूर्वी गवताचा पट्टा साफ करून जाळरेषा काढतात. तिथं पोचलेल्या आगीला पुढं खायलाच काही मिळत नाही.

आणि वणवा आपोआप क्वचितच लागतो. फेकलेली सिगारेट, अर्धवट विझवलेली चूल, 'जाळलं की गवत चांगलं येतं' हा समज, हीच कारणं. तेव्हा ट्रेकला निघण्याआधी वनविभागाची हेल्पलाइन 1926 आणि अग्निशमन दलाचा 101 सेव्ह करा. धूर दिसला तर व्हिडिओ नंतर, आधी फोन.